दोन मजल्यांमधली खुर्ची

...आणि नेमकं तेव्हाच माझ्या वॉशिंग मशीनला गरगरायचं सुचलं! तुम्हाला सांगते, जिन्यात दोघी बोलत होत्या, दार माझं उघडं होतं, उघडं म्हणजे किलकिलं, हवा यावी म्हणून हो, आणि कानावर आलं ते एवढंच, "वरच्यानं म्हणे नोकरी सोडली, आणि बायकोला अजून..." अजून काय? अजून काय, बायांनो? मशीन थांबेपर्यंत दोघी खाली पोचल्यासुद्धा! अर्धी बातमी पोटात घेऊन माणसानं दिवस काढायचा कसा? पण म्हटलं जाऊ दे, मला काय करायचंय!

आता वरचा म्हणजे आमच्या अगदी डोक्यावर राहणारा, पस्तिशीचा, पाण्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसणारा. बायको नर्स, ती सहालाच ड्यूटीवर जाते. हा पावणेआठला. कुलूप लावल्याचा आवाज येतो, ओढून बघितल्याचा येतो, बारा पायऱ्या उतरल्याचे बारा आवाज येतात, आणि मग... काही नाही! पुढच्या बारा पायऱ्या गेल्या कुठे? म्हणून दाराच्या भिंगातून बघितलं, तर हा जिन्याच्या वळणावर बसलेला. मांडीवर बॅग, समोर भिंत. भिंतीवर काय? काही नाही, भिंत! वीस मिनिटं भिंतीकडे बघतो, मग उठतो आणि जातो. असं तीन आठवडे. मुद्दाम नाही मोजले, मला काय करायचंय, पण कॅलेंडरवर फुल्या पडत गेल्या त्याला मी काय करू?

शेवटी राहवलं नाही, चहा घेऊन गेले. म्हटलं, "काय रे, नोकरी सोडलीस म्हणे?"

"नाही हो काकू. जातो की रोज."

"मग इथे का बसतोस? भीती वाटते का जायची?"

"आधी वाटायची. आता काहीच वाटत नाही. बॅग माझी, पाय माझे, पण उठायचं कुणी, तेच ठरत नाही."

आणि हे सगळं कसं सांगावं? शेजारच्या कुणाचा गुडघा दुखतोय असं! म्हणाला, खिडकीच्या काचेला खाली अर्धगोल भोक आहे, लोक वाकून त्यात तोंड घालतात आणि ओरडतात, चेहरा दिसतच नाही, नुसतं तोंड, दिवसाला दीडशे तोंडं. "उशिराचे दोन मेमो झालेत, काकू. तिसरा आला की घरी." बोलता बोलता माझा चमचा बशीवर पडला, टुंग, अगदी खिडकीवरच्या घंटीसारखा! आणि हा भिंतीला म्हणतो, "पुढचे, बोला." तुम्हाला सांगते, मला हसूही येईना आणि रडूही येईना.

बरं, बायकोला सांगितलंस का? तर नाही. दवाखान्यातून थकून येते, तिला कशाला.

आता मी माणूसच आहे ना? थंडगार फरशीवर बसतो बिचारा, म्हणून दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांची हाताची खुर्ची नेऊन ठेवली वळणावर. तिसऱ्या दिवशी कप ठेवायला छोटं टेबल. आमचे हे म्हणाले, "अगं, काय चाललंय तुझं?" म्हटलं, मला काय करायचंय, पण टेकेल तरी बिचारा!

आणि इथेच माझी अक्कल शेण खायला गेली. खुर्ची, टेबल, त्यामागे बसलेला पाण्याच्या ऑफिसातला माणूस... लोकांना आणखी काय हवं? चौथ्या दिवशी तळमजल्यावरचे रिटायर पोस्टमन वर आले, "आता आलाच आहात इथं, तर आमच्या भिंतीला ओल आलीय बघा." त्यांच्या मागून शिवणकामवाली, "माझ्या नळाला सकाळचं नुसतं हवेचं फुसफुस!" दहा मिनिटांत जिन्यावर रांग! पोस्टमनना तर जुनी सवय, लागले ओरडायला, "एकामागून एक, ढकलू नका!" आणि हा? ओरडला का? पळाला का? अहो, खिशातून पेन काढलं. "नाव? मजला? किती दिवसांपासून?" तोच खिडकीतला आवाज, चेहऱ्यावर रेघ हलली नाही. मी दारात उभी, हातात पोहोचवायचा चहा, आणि समोर घड्याळ... साडेआठ, पावणेनऊ, सव्वानऊ! म्हटलं, गेली! याची नोकरी माझ्या खुर्चीनं खाल्ली!

पुढचे दोन दिवस पावणेआठला जिन्यात एकही पाऊल वाजलं नाही. तिसऱ्या दिवशी दारावर टकटक. बघते तर त्याची बायको, नर्सच्या गणवेशात. "काकू, ती खुर्ची तुमची का?" मी मान डोलावली.

तर ती मटकन बसली आणि सांगितलं. त्या दिवशी हा साडेनऊला पोचला, तो आत गेलाच नाही. बाहेरच्या मशीनमधून टोकन घेतलं, रांगेत उभा राहिला, नंबर आल्यावर आपल्याच खिडकीशी वाकला, आत त्याच्या जागी तात्पुरता दुसराच बसवलेला, भोकात तोंड घातलं आणि तक्रार लिहून दिली, "तीन नंबर खिडकीवरच्या माणसाला इथून उठवा." खाली स्वतःची सही! साहेबांनी तिसरा मेमो टाइप करून ठेवला होता, पण तक्रारीवर नंबर पडला, नोंद झाली, आता तिचं काहीतरी करायलाच हवं ना! दोन दिवस घरी बसवलं, आणि मग मीटर तपासायच्या खोलीत बदली. तिथे माणसं नाहीत. नुसते मीटर.

म्हणजे सोडली ती खिडकी, नोकरी नाही. म्हटलं, "आणि तुला काहीच सांगितलं नव्हतं?"

"नव्हतं. पण काकू, कपडे मी धुते. रोज पँटला मागे जिन्याचा चुना. मला काय कळत नव्हतं? वाट बघत होते, तो कधी बोलतो त्याची."

आता तो पावणेआठला चोवीस पायऱ्या सरळ उतरतो. परवा विचारलं, "काय रे, बरं वाटतं का आता?"

"वाटत काही नाही, काकू. पण पाय उचलतो."

खुर्ची अजून वळणावरच आहे. गुडघे धरतात हो, कपडे वाळत घालायला गच्चीवर चढताना मध्येच जरा टेकते मी. काल टेकले होते, तर पोस्टमन आले. "काकू, भिंत अजून ओलीच." मागे शिवणकामवाली, तिच्यामागे आणखी तिघं. आता, मला काय करायचंय...

नाव? मजला? किती दिवसांपासून?