पुलापर्यंतची रपेट

हॅलो?… हॅलो, ताई? येतोय आवाज?… हां, आता येतोय. उठलीस?… चहा झाला?… मग चल, निघू या. मी फोन स्पीकरवर ठेवलाय कापड कापायच्या टेबलावर आणि तुझ्याबरोबर भोवती फेऱ्या मारतेय. शिवणाची गिऱ्हाइकं दहाच्या आधी येत नाहीत, तोवर दुकान आपल्या दोघींचं.

अगं ऐक ना… ऐक. दुखतंय हे रोजचंच. खुब्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले, हाड जुळलंय, आता पाय वापरायला लागलीस की दुखणारच… हो, हो, माहितेय, तुझं वय त्र्याहत्तर. माझं काय सोळा आहे? सकाळी उठताना माझे गुडघे कसे कुरकुरतात ते माझं मला ठाऊक… परवा डॉक्टर येणार ना? खोलीभर स्वतः चालून दाखवलंस तर ठीक, नाहीतर चाकाची खुर्ची, असंच म्हणाले ना?… मग? सुनेकडून ढकलून घ्यायचंय जन्मभर?… नाही ना? मग ऊठ. वॉकर धर.

धरलास?… शाब्बास.

काल गोष्टीत कुठे थांबलो होतो?… बरोब्बर, सुताराच्या दुकानाशी. तर… दोन मुली निघाल्यात शाळेला. मोठी पुढे, धाकटी मागे. धाकटीचा एक मोजा घसरलेला… हो गं, नेहमीचाच, डावा. सुतार रंधा मारतोय. दारात सालपटांचा ढीग, मऊमऊ. त्यातून चाललं की पाय वाजतच नाहीत… वास?… हो, मलाही येतोय.

सावकाश… आता उतार. धुकं आहे आज. पूल दिसत नाहीये, नुसता कठडा, तोही अर्धाच… काय?… धाकटी थांबली? कशाला?… अय्या, हो! पाण्यात बघायला! खाली पाणी इतकं संथ, की त्यातल्या दोघी वर आपल्याकडे बघतायत… मोठी म्हणते, उशीर होईल, चल. आणि स्वतःच कठड्यावर वाकलेली… तूच वाकायचीस! माझ्यावर कशाला ढकलतेस?

किती छान वाटतंय ना… काही नको बोलायला. असंच जाऊ या थोडं.

…

काय?… तुझा पाय दुखायचा थांबला? अजिबातच?… बघ! मी म्हटलं नव्हतं? आणि तुला दमही लागला नाही. मला इकडे धाप लागलीय…

काय करतेस?… हात बदलतेस? कसला हात?… फोनचा?

थांब. ताई, फोन तुझ्या हातात आहे?… मग वॉकर कशाने धरलायस?

ताई?

आहेस कुठे तू?

…पलंगावर?… म्हणजे आजच ना?… पहिल्या दिवसापासून? तीन आठवडे?… सुतार, उतार, पूल, सगळं झोपून? आणि मी इथे वेड्यासारखी टेबलाभोवती घिरट्या घालतेय!… नाही, रडत नाहीये… हो, रडतेय. मग काय करू?

…काय म्हणालीस?… डोळे मिटले की पाय नवे होतात?… आणि उघडले की तो एक पाय, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा… अगं ताई. भीती वाटते म्हणून आधी सांगायचंस ना. बाथरूममध्ये पडलीस तेव्हा घरात कुणी नव्हतं, दोन तास एकटी पडून होतीस, मला काय माहीत नाही?… मला वाटलं, गोष्ट सांगितली की तू चालशील. माझंच चुकलं. इतकी छान सांगायलाच नको होती.

ऐक. पूल राहू दे. त्या दोन मुली जातील आपल्या आपण शाळेला. मला तू हवीयस. आत्ताची. त्र्याहत्तर वर्षांची, चिडकी… हो, चिडकीच! तुला कुणी खुर्चीतून ढकलत आणलेलं मला नाही बघवणार गं.

पलंगापासून खिडकीपर्यंत फरशा किती?… मोज… नऊ? नऊच! एवढ्याशा?… सुनेला हाक मार. नुसती मागे उभी राहू दे, हात नाही लावायचा… आली?… आता पाय खाली सोड. डोळे उघडे ठेव, मिटायचे नाहीत.

दुखतंय?… दुखू दे. ओरड हवं तर. शिव्या दे मला… दे, दे, अजून दे!… उभी राहिलीस?… खरंच? आता खोटं नाही ना?… सूनबाई हसतेय का रडतेय ती?

काय?… फोन ठेवतेस? का, काय झालं?… दोन्ही हात लागतायत?

ठेव. अगं ठेव ना, ठेव लवकर!