काचेत पाहिलेली बंदूक

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, कॅप्टनच्या पत्नी म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वहिनी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे उभे असलेले माझे सहकारी,

आपल्या कृत्रिम अवयव केंद्राचे मुख्य कारागीर आज निवृत्त होत आहेत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल. आपल्यासाठी ते कॅप्टन. का, ते त्यांच्या कार्यशाळेत गेलं की कळतं. खाली हात-पाय टांगलेले, आणि वरच्या फळीवर ओळीने अकरा किरणबंदुका! आमच्या लहानपणी टीव्हीवर लागणाऱ्या अंतराळ-मालिकेतल्या कॅप्टनच्या बंदुकीच्या या प्रतिकृती. टॉर्चचं तोंड, सिरिंजची नळी, उरलेल्या रेझिनची मूठ. नवा हात बसवलेलं मूल चेंडू धरायला कंटाळतं; पण बंदूक म्हटली की पाचही बोटं मिटतात. व्यायाम शिकवते मी, काम करते ती बंदूक.

गेल्या वर्षी माझा भाचा केंद्रात आला होता. मोबाइलवर त्या मालिकेचा जुना फोटो शोधून कॅप्टनना म्हणाला, “काका, घोळ झालाय. बटण उजवीकडे हवं, तुमचं डावीकडे. अकराच्या अकरा उलट्या!”

“मी पाहिली तशी केली.”

“डोक्यावर उभं राहून पाहिलीत की काय?”

कॅप्टन नुसते हसले. नंतर चहा घेताना मला म्हणाले, “तुमच्या शोकेसच्या काचेत पाहिली, मॅडम.”

लहानपणी आम्ही एकाच इमारतीत होतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. कॅप्टन तळमजल्यावरच्या शिंप्यांचा मुलगा. जिन्यात जमणाऱ्या मुलांना आमच्या घरात मज्जाव होता. मालिका सुरू झाली की आई म्हणायची, “दार लाव गं, गर्दी नको.” मी लावायची. हो, मीच. जिन्यातून टीव्ही दिसत नसे; पण दाराच्या फटीतून कपबश्यांचं शोकेस दिसायचं, आणि त्याच्या काचेत टीव्ही.

“तुम्ही बोटभर फट ठेवायचात,” कॅप्टन म्हणाले. “आईच्या नकळत. मी विसरलो नाही.”

मी काय बोलले? काही नाही. चहा संपवला. वर्षभर ते कौतुक निमूट पदरात बांधून हिंडले. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, गप्प बसून घेतलेलं श्रेयही खोटंच. तेव्हा कॅप्टन, आज सांगते. दमट हवेने ते दार फुगलं होतं. मी खांदा लावून ढकलायची, तरी बोटभर उरायचंच.

काय म्हणालात? जरा माइकजवळ या ना. ऐकलंत मंडळी? म्हणतात, “तुमचा खांदा दिसायचा मला. पण दार तासायला सुतार तर नाही ना बोलावलात!”

बरं, आता माझं आमंत्रण ऐका.

भाच्याने त्या मालिकेचा पहिला भाग मिळवलाय. रविवारी वहिनींना घेऊन आमच्या त्याच घरी या. दार उघडं असेल, आणि तुमची खुर्ची टीव्हीच्या अगदी समोर. बंदुका मात्र सुलट करू नका. आम्हाला त्या तशाच हव्यात.

इतका वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर ते या सभेने पोटात घालावं. दार तासायचं की तसंच ठेवायचं, ते कॅप्टननी रविवारी उंबरा ओलांडल्यावर सांगावं.