तलैवरांसाठी दिवा

“दमलीस कां गे?” लहानपणी माझी आत्या असं विचारायची, शेवटचा शब्द ओवीसारखा लांबवत. तंजावरहून पापनाशमला जाणाऱ्या बसमध्ये मागच्या बाकावरून तोच सूर आला. तंजावरी मराठी बोलणारं म्हातारं जोडपं होतं.

“दमलीस कां गे, सुंदरी?”

“तुमच्या त्या सिनेमातल्या पुढाऱ्यांनी, तलैवरांनी दमवलंय. आता काय नवीन?”

“राष्ट्रपतिपदाला उभं राहायचा विचार आहे म्हणतात.”

“पडद्यावर राजा झाले, पक्ष काढला, आमदारकीला पडले. आता एकदम दिल्ली?”

“म्हणून पळनीच्या देवाला जाईन म्हणतो. अनवाणी. डोकं मुंडवून येईन.”

“अहो, त्या निवडणुकीत तुम्हांला मतसुद्धा नाही!”

“मत नसलं तरी नवस आहे की.”

“आधी गुडघे बघा. मागल्या खेपेला गेलात, तेव्हा घरात मी एकटी तापानं फणफणत होते.”

“पण तूही मारियम्मन देवीला दिवा लावलास ना, त्यांच्या निवडणुकीसाठी?”

“लावला.”

“मग?”

बस थांबली. कुणी उतरलं नाही.

“ते पडावेत म्हणून लावला होता. पडले, की तुम्ही घरी राहाल असं वाटलं.”