कोरी बशी

मंडळी, ऐका! वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावलीय — "हिंमत असेल तर भर कीर्तनात विचारून दाखव!" तर विचारते. देवाच्या तीर्थात जंतू असतात का?

बघा! आजींनी कानांवर हात ठेवले. आणि बाबा, तुम्ही पळी का एवढी घट्ट धरलीत? थांबा. उत्तर आख्यानात आहे!

एका विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग होता. म्हणजे काय? जे डोळ्यांना दिसत नाही, त्याचा अभ्यास. आपणही इथे तेच करतो की — फक्त सूक्ष्मदर्शक नाही!

तिथे तनुजा गावंडे शिकत होती. धारकर सरांच्या हाताखाली संशोधन करायचं, एवढं एकच स्वप्न. एक दिवस देवस्थानाचे दादाराव तीर्थाच्या कुंडाचं पाणी तपासायला घेऊन आले. यात्रा तोंडावर होती. तनुजानं ते पाणी काचेच्या बशांमध्ये, जंतूंच्या खाद्यावर पसरलं. आणि शेजारी ठेवली एक साक्षीदार बशी. तिच्यात जंतू मुद्दाम पेरलेले! का? त्या बशीत जंतू वाढले, तरच बाकीच्या बशांवर विश्वास ठेवायचा. सगळ्या बशा उबेच्या पेटीत ठेवून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली — आणि बघते तर काय! पेटी गारठलेली. सगळ्या बशा कोऱ्या. साक्षीदार बशीसुद्धा कोरी! वायर धरून ती मागे गेली, तर भिंतीतल्या सॉकेटमध्ये पिन कशाची? चहाच्या किटलीची!

"सर, पेटी बंद होती!"

"अगं, काल दादाराव बसले होते. त्यांना चहा नको का द्यायला?"

"मग पुन्हा लावूया, सर."

"आणि यात्रा काय तुझ्या जंतूंसाठी थांबणार? बशा कोऱ्या, पाणी शुद्ध. विषय संपला!"

तेवढ्यात दादाराव शाल-नारळ घेऊन हजर! सर खुलले. "दादाराव, पाणी एकदम शुद्ध! अगदी तान्ह्या बाळालाही पाजा!"

बाळाला! मंडळी, तनुजाचं डोकं असं तडकलं — स्वप्नबिप्न गेलं चुलीत! तिनं साक्षीदार बशी उचलली आणि सरांच्या टेबलावर आदळली.

"सर, हिच्यात मी जुलाबाचे जंतू पेरलेत. हीही कोरीच आहे. म्हणजे शुद्धच ना? मग चाटा!"

सरांनी खुर्ची मागे ढकलली!

दादाराव म्हणाले, "काय हो सर, चाटताय ना?"

"तसं नाही... थोडी तांत्रिक बाब आहे..."

"मग आमच्या लेकरांच्या पोटात घालताना नव्हती का ही बाब?"

पुन्हा बशा लावल्या. पेटी उबदार, पिन जागेवर. या वेळी साक्षीदार बशी भरली — आणि कुंडाच्या पाण्याच्या बशाही गच्च भरल्या! कुंडाला कुलूप लागलं, यात्रेला टँकर आले. आणि तनुजाला काय मिळालं? शाल? छे! "माझ्याकडे तुला जागा नाही" — हे मिळालं. टाळ्या नका वाजवू. मला राग आलाय!

आणि तो नुसता सरांवर नाही, तुमच्यावरही आहे! गेल्या महिन्यात आपली अर्धी आळी सलाईनवर होती. आपण काय म्हणालो? "बाहेरचं खाल्लं असेल!" ज्या विहिरीचं हे तीर्थ, ती देवळामागची विहीर कुणी तपासली? "आजवर कुणाला काही झालं नाही" — अहो, कधी बघितलंत? पेटीची पिन काढून ठेवायची आणि वर म्हणायचं, बशी कोरी! देवाला घाण चालते, असं कोणत्या देवानं सांगितलं?

आई, तूही ऐक. बाबा, इकडे बघा. उद्या सकाळी मी त्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून तपासायला नेणार. उत्तर येईपर्यंत हे तीर्थ मी घेणार नाही, आणि तुम्हाला कुणाला देऊही देणार नाही.

पळी खाली ठेवा, बाबा. गजर त्यानंतर!