दहाव्या सूचकाचा अंगठा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मतदारसंघाचे माननीय आमदारसाहेब, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष झिंगूभाऊ, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण हातातली कामं टाकून जमलो ते सत्कारमूर्ती गोपाल ठिकरे सर, त्यांच्या सौभाग्यवती मनकर्णाबाई, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या मायबहिणींनो व भावांनो, सगळ्यांना जय भीम, नमस्कार.

मी संघप्रिया रामटेके. याच शाळेत सरांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकले. सूत्रसंचालन करणाऱ्या नूतन मॅडमनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि चिठ्ठीवर लिहून दिलंय, ‘फक्त आठवणी सांगाव्यात.’ मॅडम, मी आठवणीच सांगणार आहे.

सर तेहतीस वर्षं या गावात राहिले. शिकवतात तर सगळेच शिक्षक. सरांची खरी ओळख वेगळी. घरकुल असो, जातीचा दाखला असो, वनहक्काचा दावा असो, कागद हातात आला की आपण काय म्हणतो? ‘सरकडे जा.’ सर चष्मा लावत, अर्ज दोनदा वाचत, मगच पेन उघडत. सरांनी भरलेला अर्ज चिमूरच्या तहसिलीतून कधी परत आला नाही. तेहतीस वर्षांत एकच फेटाळला गेला. तो माझा होता.

आमदारसाहेब, आपण पाणी घ्या. अजून चार मिनिटं आहेत.

मी विधानसभेचा उमेदवारी अर्ज का भरला, हे इथे बसलेल्या बायांना सांगायला नको. मोहफुलाच्या दिवसांत आपली रुखमा पहाटे टोपली घेऊन गेली आणि वाघाने नेली. त्या एका हंगामात आसपासच्या गावांतल्या पाच बाया गेल्या. साहेब भेटायला आले, हार घालून गेले. मोहफूल वेचायच्या महिन्यात जंगलाच्या कडेला पहारा द्या, गावाला जाळीचं कुंपण द्या, एवढंच आमचं मागणं होतं. ते मुंबईला जाऊन कोणी बोलेना. म्हणून बचत गटाच्या बैठकीत ठरलं की आपणच उभं राहायचं. मी जिंकले असते असं मी म्हणत नाही. पण रुखमाचं नाव प्रचाराच्या सभेसभेतून घेतलं गेलं असतं, आणि साहेबांना गावोगावी उत्तर द्यावं लागलं असतं.

अपक्षाला दहा सूचक लागतात. त्याच मतदारसंघातले दहा मतदार, दहा सह्या. मी सरांच्या पडवीत जाऊन बसले. सरकारी नोकराने उमेदवाराचा अर्ज भरू नये, हे मला कळत होतं. म्हणून आजवर मी सरांचं नाव कुठेही घेतलं नाही. काल कार्यालयीन वेळ संपली आणि सर निवृत्त झाले. आज बोलायला हरकत नाही.

नऊ बायांनी सह्या केल्या. दहावी धुरपताबाई, रुखमाची आई. तिने हट्टच धरला होता की माझ्या लेकीसाठी माझं नाव पाहिजे. आता ऐका. धुरपताबाईला सही येते. साक्षरता वर्गात तिला सही कोणी शिकवली? सरांनीच. या इथेच, या फळ्यासमोर. तिच्या घरी अजून ते प्रमाणपत्र भिंतीला आहे. तिने पेन हातात घेतला तेव्हा सर म्हणाले, “बाई, तुमची सही वाकडी येते, कागद खराब होईल. तुम्ही आपला अंगठाच लावा.” शिकवणाऱ्यानेच सांगितलं म्हटल्यावर ती कशाला नाही म्हणेल? तिने अंगठा लावला. मी शाईची डबी धरून बसले होते.

छाननीच्या दिवशी साहेबांचे वकील आले. त्यांनी बाकी काही पाहिलं नाही, थेट दहावं नाव काढलं. सूचकाचा अंगठा असेल तर तो अधिकाऱ्यासमोर लावावा लागतो, घरच्या पडवीत लावलेला चालत नाही. नियम तसाच आहे. अधिकाऱ्यांनी नियम वाचून दाखवला आणि अर्ज बाद केला, त्यांना मी दोष देत नाही. पण अर्जाचे चार संच भरता येतात, एक बाद झाला तरी दुसरा चालतो, हेही मला त्या दिवशीच कळलं. सरांनी एकच भरला होता, आणि शेवटच्या दिवशी द्या, गर्दी कमी असते, असं सांगितलं होतं. वकिलांना दहावं नाव कोणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज पडली नाही.

सरांना नियम माहीत नसेल? किती निवडणुकांत केंद्राध्यक्ष होते ते. अंगठा कोणत्या हाताचा आणि कोणासमोर, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.

निकाल लागला. साहेब निवडून आले, अभिनंदन. पंधरा दिवसांत सरांची लेक रंजीता, जी सात वर्षं तिकडे दूर गडचिरोलीत एटापल्लीकडे नर्स होती, तिची बदली घराजवळ झाली. तिचं लेकरू लहान आहे, ती पोर जवळ आली याचा मला आनंदच आहे. बाप लेकीसाठी काय करणार नाही, हे मलाही कळतं. मी खूप विचार केला त्यावर. पण सर, धुरपताबाईलाही लेक होती. मला राग आला होता. अजूनही आहे. तुमच्या निरोपाला मी खोटं गोड बोलणार नाही, हेही तुम्हीच चौथीत शिकवलंत.

साउंडवाले भाऊ, वायरला हात लावू नका. एकच मिनिट.

हे मानपत्र आम्ही बायांनी केलंय. खाली दहा सह्या हव्यात. नऊ झाल्यात, त्याच नऊ जणींच्या. धुरपताबाई, या इकडे. सावकाश. पेन घ्या. सर, तुम्ही उठू नका, तिथून दिसतं.

काय म्हणता, बाई? माईकमध्ये सांगते. धुरपताबाई म्हणते, “सर, तुमीच शिकोलं मले. वाकडी येते तं येऊ द्या, सही माई हाये.”

झाली. दहा पूर्ण. सर, हे आपलं मानपत्र. चष्मा लावा आणि नेहमीसारखं दोनदा वाचा. याच दहा सह्या पुढच्या निवडणुकीत अर्जावर असतील, अर्ज मी माझ्या हाताने भरेन, आणि चारही संच भरेन.

नूतन मॅडम, वेळ जास्त घेतला. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. बोललेलं पोटात घालता येतं. अर्जात कमी-जास्त झालं तर कोणी पोटात घालत नाही. जय भीम.