टॉवेल अप्पांनी फेकला

—नको, ती शाल पिशवीतच राहू द्या, माझे हात तेलाचे आहेत. चुरमुऱ्यांची मंडक्की घ्या, तळलेली मिरची गरम आहे, दावणगेरेला येऊन मिरची न खाता गेलात तर बेंगळुरूची माणसं हसतील तुम्हाला — पण शाल नको. समारंभाला अप्पांना न्या, बीरेशला न्या, चांदीची गदा द्या, हार घाला, फोटो काढा. मी नाही येणार. का म्हणजे? किळस येते म्हणून. दुसरं काय कारण असणार? राग नाही हो, रागाला जीव लागतो. मला नुसती किळस येते. तळणीत झुरळ पडल्यावर येते ना, तशी.

पाहिला, पाहिला सिनेमा. स्टँडमागच्या थिएटरात. काय शिट्ट्या, काय नाणी उधळली पोरांनी! पोराची आई म्हणून आमची अव्वा जिवंत दाखवलीत तुम्ही. पोरगा रिंगणात उतरतो आणि ती देवळात दिव्याला तेल घालत बसते — अहो, आमची अव्वा बीरेश चालायला लागायच्या आधीच गेली, त्याला तिचा चेहरासुद्धा आठवत नाही. आणि बहीण? बहीणच नाही त्या घरात! मेलेल्या बाईला उठवून बसवलंत आणि जिवंत बाईला पुसून टाकलंत. एवढी धडधाकट बाई दिसली नाही तुम्हाला? चहा तर मीच देत होते.

आमच्या अप्पांची, हालप्पा वस्तादांची तालीम म्हणजे एके काळी— ते खरं आहे तुमच्या सिनेमात, लाल माती, हनुमंताची मूर्ती, पहाटेच्या बैठका, ते सगळं खरं. मग कुस्तीला माणूस फिरकेना. अप्पांनी टीव्हीवर ते लाथाबुक्क्यांचं किकबॉक्सिंग पाहिलं आणि बीरेशला त्यात घातलं. सिनेमात अप्पा त्याच्यासमोर पॅड धरून उभे राहतात, पोरगा मारतो, अप्पा हसतात, मागं बासरी वाजते. बासरी! पॅड कोण धरत होतं? हे बोट बघा, सरळ होतं कधी? तेरा वर्षांच्या पोराच्या लाथेनं मोडलं, आणि अप्पा बाकावर बसून ओरडले, ‘नीट धर की गं, त्याचा पाय दुखेल.’ त्याचा पाय! मी धरलं. नीट धरलं. भाऊ आहे माझा, अव्वा गेल्यावर माझ्याच कडेवर वाढला, आणि खरं सांगू — लाथ सुंदर होती त्याची. डोळे मिटून ऐकली असती तरी कळलं असतं, ही बीरेशची.

हुबळीच्या सामन्याआधी तो शिवमोग्ग्याला मार खाऊन आला होता. डोक्यावर. घरी आला तो भिंत धरून चालत, खाल्लेलं ओकत होता, उजेड नको म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, सहा महिने रिंगणाचं नावसुद्धा काढू नका. अप्पा म्हणाले, डॉक्टरला काय जातंय सांगायला. मी पाया पडले हो, खोटं नाही सांगत. तर म्हणाले, ‘हालप्पाचा पोरगा घाबरून घरात बसला, असं ऐकू मी बाजारात?’ आणि बीरेश— त्याला अप्पा म्हणतील ती पूर्वदिशा. नेला त्याला.

भर दुपारी, पत्र्याच्या मांडवात. कोपऱ्यात आम्ही दोघं, मी आणि अप्पा, मी बर्फ आणि पाणी घेऊन. दुसऱ्या फेरीत बीरेशचे हात खाली आले. नुसता उभा राहिला. समोरचा मारतोय आणि हा आमच्याकडे बघतोय, माझ्याकडे, आणि मला म्हणतो, ‘अव्वा.’ अक्का नाही. अव्वा! मी अप्पांना म्हटलं, टॉवेल टाका, हरलो म्हणा, सामना थांबवा. टाका हो अप्पा, पोर आपलं कामातनं जाईल. तेव्हा काय केलं माहितीये त्यांनी? खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी केली, मांडीखाली घेतला आणि त्यावर बसले. ‘उभा आहे की अजून,’ म्हणाले. बसले हो त्याच्यावर! कोंबडी अंड्यावर बसते तशी बसले. मी हिसकावला. फाटला थोडा, पण ओढून काढला आणि फेकला आत. पंचाची पाठ होती आमच्याकडे. तो वळेपर्यंत आणखी दोन लाथा बसल्या. मग बीरेश पडला.

आणि अप्पा पहिल्यांदा कुणाकडे वळले? माझ्याकडे. सगळ्या मांडवासमोर थोबाडीत दिली मला. ‘नाक कापलंस माझं,’ म्हणाले. पोरगा मागं पडलाय, पाय थरथरतोय त्याचा — आधी मला मारलं, मग तिकडं बघितलं.

तेव्हापासून बोलत नाहीत माझ्याशी. एका घरात राहतो आम्ही. मी रोट्टी थापते, ते खातात. ‘बीरेश, तिला सांग, मीठ कमी आहे.’ तिला! नाव नाही तोंडात. आणि बीरेशचा डावा हात कापतो, बोलता बोलता शब्द सापडत नाही, मग माझ्याकडे बघतो, मी सांगते. हुबळीचं काही आठवत नाही त्याला. तेवढी कृपाच म्हणायची.

तुम्ही कागद-पेन घेऊन आलात तेव्हा मी आत रोट्टी थापत होते. अप्पा तुम्हाला सांगत होते, ‘बापाचं काळीज ते! हरलो तर हरलो म्हटलं, आणि फेकला टॉवेल.’ हात तसाच राहिला माझा पिठावर. बाहेर येऊन बोलायचं होतं— आले ती तुमचा चहा घेऊन. आणि सिनेमा बघून घरी आल्यावर बीरेश अप्पांच्या पायांवर पडला. ‘अप्पा, तुम्ही मला वाचवलंत.’ ढसाढसा रडला. अप्पांनी डोक्यावर हात ठेवला त्याच्या, आणि त्याच्यावरून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत. वाट बघत होते, ही आता काय म्हणते. थू! मी काय म्हणणार? त्या दिवशी बीरेश पोटभर जेवला हो. हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

म्हणून सांगते, तुमच्या स्टेजवर बसून ते खोटं ऐकणं माझ्यानं होणार नाही. पडद्यावर ऐकते तेवढं पुरे, परवा तर तो तिकीटवालाच म्हणाला, अक्का, आजही का— म्हणजे, थिएटर वाटेतच आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं. पंख्याखाली बसायला मिळतं. हसू नका! त्या नटासाठी नाही जात मी, नट कसला, मिशीसुद्धा चिकटवलेली दिसते. पण तो— तो वेळेवर फेकतो. पोरगा पडायच्या आधी. कुणी ओढावा लागत नाही त्याच्याकडून, आपणच फेकतो आणि मग धावत जातो, आधी पोराकडेच जातो. तेवढं बघते आणि उठते. पुढचं गाणं नाही बघत. बघितलंत? केलंत ना मलाही तसलंच? किळस येते म्हणते आणि तिकीट काढून—

गप्प बसा. तो येतोय.

ये रे, ये बीरेश. हे सिनेमावाले, अप्पांना आणि तुला न्यायला आलेत. शर्टाची बटणं बघ कशी लावलीस, थांब, हात पुसते. काय? हो, तेच तर सांगत होते त्यांना. अप्पांनीच फेकला. हो रे, तू पडायच्या आधी. मी तिथंच होते ना, माझ्या डोळ्यांनी बघितलं.

उठा हो तुम्ही. मिरची संपली.