‘नको’चं बटण

माझ्या बायकोचा आवाज परत येणार नाही असं कळलं, त्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्याच्या याच बाहेरच्या खोलीत बसलो होतो. आता ही राहिली नाही. हिचा बोलणारा टॅब परत द्यायला मी एकटाच आलो होतो. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंचाही आवाज गेलेला. त्या फोनवर लिहीत, नाहीतर तयार बटण दाबत, आणि फोन बोले. बटणं सोबत बसलेल्या नवऱ्याने भरून दिली होती.

“‘छान झालंय’ हे बटण कोणी मागितलं होतं?” फोन म्हणाला.

“हल्ली स्वयंपाक मी करतो. लागेल म्हटलं.”

“अजून लागलं नाही.”

“मग रोज दाबतेस कशाला?”

“‘नको’चं बटणच नाही. लिहीपर्यंत तुम्ही वाढून मोकळे होता.”

“बरं बाई. हे घे, केलं. आणखी?”

“‘गप्प बसा’.”

“ते तुझे डोळे म्हणतात. आता ऐक. आवाजासाठी आणखी एक ऑपरेशन करायचं का, असं डॉक्टर विचारतील. तू नुसतं ‘हो’ दाब.”

“नको.”

“चुकून दाबलंस. ‘हो’ वरच्या ओळीत आहे.”

“नको.”

“बटण दिलं नाही तोच सुरू झालीस.”

“नको.”

“अगं, तुझी बडबड ऐकायचीय मला.”

बाई लिहायला लागल्या. बराच वेळ लागला, पण नवरा मधे बोलला नाही.

“मग आत्ता काय ऐकताय?”

आतून त्यांना हाक आली. दोघंही उठले नाहीत. डॉक्टरांना काय सांगायचं, ते अजून ठरायचं होतं.